गरम झाल्यावर मिनी ट्रॅक्टरचा सेल्फ फिरत नाही, फक्त ‘टक्’ असा आवाज येतो

संत्रा बागायतदार, वरूड

नमस्कार मंडळी. बागेत ओळींमधले गवत कापण्यासाठी आम्ही तीन सिलिंडरचा जुना डिझेल मिनी ट्रॅक्टर वापरतो. मागे पीटीओवर (इंजिनाची शक्ती जोडयंत्राला देणाऱ्या दांड्यावर) चालणारे कापणी यंत्र जोडलेले असते. सकाळी चावी फिरवताच सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जोरात फिरतो आणि इंजिन लगेच सुरू होते. मात्र दोन-अडीच तास कापणी करून इंजिन बंद केले, की पुन्हा चावी फिरवल्यावर सोलेनॉइडमधून (सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचमधून) एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. पाऊण तास सावलीत उभा ठेवला, की तोच ट्रॅक्टर विनातक्रार सुरू होतो. बॅटरी गेल्याच हंगामात बदलली आहे. दुरुस्तीच्या दुकानात पूर्ण सेल्फ बदलण्याचा सल्ला मिळाला. पण एवढा खर्च करण्यापूर्वी दोष खरोखर सेल्फमध्येच आहे का, हे घरी कसे तपासावे? माझ्याकडे मल्टिमीटर आहे.

ऑटो इलेक्ट्रिशियन, काटोल

भाऊ, सेल्फ इतक्यात बदलू नका. दोष ट्रॅक्टर गरम असतानाच दिसतो, म्हणून मोजमापही त्याच वेळी घ्यावे लागेल. थंड ट्रॅक्टरवर सगळे आकडे चांगलेच येतील आणि त्यातून काही कळणार नाही.

प्रथम इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मीटर लावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उतरली आहे, आणि तसे असेल तर आधी अल्टरनेटर चार्जिंग करतो का ते पाहावे लागेल. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत.

त्यानंतरचे मोजमाप सर्वांत महत्त्वाचे आहे. मीटर बॅटरीवरच ठेवून दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा आणि ‘टक्’ होताना आकडा किती खाली येतो ते पाहा. तो एकदम ९.६ च्या खाली कोसळला, तर प्रवाह भरपूर वाहतो आहे, पण बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून जाम होतो आहे. बुश झिजल्यावर सेल्फमधला फिरणारा भाग (आर्मेचर) स्थिर भागाला (पोलला) घासतो आणि असे होते. आकडा जवळपास हललाच नाही, तर मोठा प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. मग जाड केबल, अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाची चेसिसशी जोडणी), सोलेनॉइडचे जळलेले काँटॅक्ट, झिजलेले कार्बन ब्रश किंवा चावीकडून सोलेनॉइडकडे येणारी बारीक वायर, यांपैकी कुठेतरी अडथळा आहे.

म्हणून लगेच सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर मीटरची लाल पिन आणि सेल्फच्या बॉडीवर काळी पिन धरून पुन्हा चावी फिरवायला सांगा. हा आकडा बॅटरीच्या आकड्याच्या जवळ असायला हवा. इथे दोन-तीन व्होल्ट कमी मिळत असतील, तर सोलेनॉइड उपाशी आहे आणि नवा सेल्फ बसवूनही हा त्रास राहीलच. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. इंजिनला चिकटून बसलेली सोलेनॉइडची कॉइल २५ अंशांवरून ९० अंशांवर गेली, तर तिचा रोध जवळपास एक चतुर्थांशाने वाढतो, तिच्यातला प्रवाह सुमारे एक पंचमांशाने घटतो आणि तिची ओढ कमी होते. सकाळी कसाबसा पुरणारा विद्युत दाब (व्होल्ट) दुपारी अपुरा पडतो, तो यामुळेच. आपल्याकडच्या उन्हात ही तक्रार जास्त दिसते, त्याचेही कारण हेच असावे असे मला वाटते.

शेतकरी, मोर्शी

वरच्या उत्तरात अर्थिंगचा उल्लेख ओझरता आला आहे, पण गवतकापणीच्या ट्रॅक्टरवर तिथे आधी हात घालावा असे माझे मत आहे. कापलेल्या गवताचा भुसा आणि चिखल सेल्फच्या भोवती साचतो, त्यात ओल धरून राहते आणि चेसिसला कसलेला अर्थिंगचा बोल्ट आतून गंजतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट सेल्फच्या बॉडीपर्यंत मीटर लावून चावी फिरवा; सेल्फ फिरत असताना फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. बोल्ट काढायचा असेल, तर आधी बॅटरीची ऋण केबल सोडा. उंदरांनी वायरिंग कुरतडलेले नाही ना, हेही बोनेट उघडलेच आहे तर पाहून घ्या.

कृषी यंत्र दुरुस्तीचे काम करणारा, अमरावती

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सोलेनॉइडच्या दोन टर्मिनलमध्ये पाना किंवा पेचकस लावून जमिनीवरून ट्रॅक्टर सुरू करण्याची पद्धत गावोगावी आहे. त्यात क्लचचा आणि सीटचा सुरक्षा स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो सुरू होताच शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर चाक जाते. कोणतेही मोजमाप घेताना गिअर न्यूट्रलमध्ये, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चावी फिरवणारा सीटवर बसलेला असावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा.

संत्रा बागायतदार, वरूड

सर्वांचे आभार. आज कापणी संपताच मोजमाप घेतले. बॅटरी १२.६ होती आणि ‘टक्’ झाल्यावरही १२.३ वरच राहिली. अर्थिंगकडे फरक नगण्य आहे. मात्र बारीक टर्मिनलवर फक्त ९.१ व्होल्ट मिळाले.

ऑटो इलेक्ट्रिशियन, काटोल

मग तीन व्होल्टहून अधिक दाब चावी ते सोलेनॉइड या वाटेवर हरवतो आहे. आता मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर कायम ठेवा आणि लाल पिन एकेक टप्पा पुढे न्या: फ्यूज, इग्निशन स्विचमध्ये येणारी वायर, त्यातून निघणारी वायर, मग क्लच स्विचच्या दोन्ही बाजू. प्रत्येक ठिकाणी चावी फिरवलेली असतानाच आकडा घ्या. जिथे तो एकदम घसरतो, तो जोड किंवा स्विच बदला. माझा पहिला संशय पायाजवळच्या क्लच स्विचवर आहे, कारण चिखल-पाणी तिथेच सर्वाधिक पोहोचते.

आकडा कुठेच एकदम न घसरता थोडा-थोडा सगळीकडे कमी होत गेला, तर सेल्फजवळ १२ व्होल्ट ४० अँपिअरचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवून घ्या. सध्या सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर रिलेच्या ८६ क्रमांकाला, ८५ अर्थिंगला, बॅटरीच्या धन टोकावरून फ्यूजमार्गे जाड वायर ३० ला आणि ८७ वरून सोलेनॉइडचे बारीक टर्मिनल, अशी जोडणी होते. क्लच आणि सीटचे स्विच पूर्वीप्रमाणेच काम करतात, फक्त सोलेनॉइडचा मोठा प्रवाह त्यांच्यातून जात नाही. रिले गवताचा भुसा साचणार नाही अशा उंच जागी आणि टर्मिनल खाली येतील असा बसवा. त्यानंतर गरम ट्रॅक्टरवर बारीक टर्मिनलचे मोजमाप पुन्हा घ्या. तिथे १२ च्या आसपास आकडा येऊनही नुसता ‘टक्’ होत राहिला, तरच सेल्फ उतरवून सोलेनॉइडचे काँटॅक्ट आणि कार्बन ब्रश तपासायला द्या.