'आतला आवाज' आणि 'आवाज येतात': मराठीत मुलाखत घेताना फरक कसा विचारायचा?

पाटीपेन्सिल
नमस्कार. सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाशी संपर्क सुटणं) असलेल्या व्यक्तींच्या मुलाखतीसाठी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणतेय आणि दोन ठिकाणी अडलेय. 'तुम्हाला आवाज ऐकू येतात का?' या प्रश्नाला कुणी 'हो, शेजारच्या मिक्सरचा' म्हणतं, कुणी 'मी आतल्या आवाजाचंच ऐकते' म्हणतं. दुसरा प्रश्न, 'तुमचे नसलेले विचार तुमच्या मनात येतात का?', मराठीत फारच बुळबुळीत होतो. मुळात मनातल्या मनात बोलणं आणि आवाज ऐकू येणं यांत रेष कुठे मारायची? आवाज डोक्याच्या आत असेल तर तो भास धरायचा का?

कडुलिंब
धरायचा. बाहेरून येतो तो खरा भास आणि आतला तो खोटा, ही वाटणी जुनी झाली. स्किझोफ्रेनियात पुष्कळांना आवाज डोक्यातच ऐकू येतो, काहींना दोन्हीकडून. बोलतंय कोण, हे महत्त्वाचं.

तुमची खरी अडचण 'येतात' या क्रियापदात आहे. मराठीत विचार येतोच. सुचतं, आठवतं, वाटतं: सगळं 'मला', कर्ता म्हणून 'मी' कुठेच नाही. 'मनात भलताच विचार आला' हे लक्षण नाही, ते शुद्ध मराठी आहे. इंग्रजी प्रश्नाचा रोख आहे तो जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी नोंदवलेल्या लक्षणावर, म्हणजे दुसऱ्याचा विचार डोक्यात घातला जाण्यावर. म्हणून असं विचारा: 'हा विचार तुमचाच होता, की दुसऱ्या कुणाचा विचार तुमच्या डोक्यात घातला गेला?' 'दुसऱ्याचा' म्हणाले तर पुढे: कुणी घातला, कसा, आणि तो तुमचा नाही हे कशावरून कळतं? उत्तर जसंच्या तसं लिहा. 'कुणी टाकल्यासारखा' आणि 'टाकला' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत लिहिताना नेमका तो 'सारखा' गळतो. ओसीडीतला (मंत्रचळातला) विचार नकोसा असतो, किळसवाणाही असतो, पण माणूस तो स्वतःचाच मानतो.

आवाजाच्या प्रश्नात 'आतला आवाज' हे शब्द वापरूच नका, त्याचा अर्थ सद्सद्विवेक होतो. 'आजूबाजूला कुणी नसताना कुणी बोलल्याचं ऐकू येतं का? नेमके शब्द काय असतात?' असं विचारा. शब्द मिळाले की मराठी व्याकरणच मदतीला येतं. आवाज 'मी' म्हणतो, 'तू' म्हणतो की 'ती'? 'ती उठली, ती चहा ठेवतेय' हे चालू समालोचन झालं. बाईला ऐकू येणारा आवाज 'मी बघतो तुझ्याकडे' म्हणाला, तर त्या एका 'बघतो'वरून बोलणारा पुरुष आहे हे कळतं. इंग्रजीत ही सोय नाही. नुसतं 'अगं तुगं'वर थांबू नका मात्र. आपण सगळेच स्वतःला 'अगं वेडे, किल्ली कुठे ठेवलीस' म्हणतो.

कानात गुंई, शिट्टी, भुणभुण असेल तर आधी कानाचे डॉक्टर.

उंबरठा
यामागची यंत्रणा थोडक्यात. आपण बोलतो तेव्हा मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो आणि त्याची एक नक्कल ऐकण्याच्या भागाकडे पाठवतो: 'आता येणारा आवाज आपलाच आहे.' त्यामुळे स्वतःच्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. ध्वनीनंतर साधारण १०० मिलिसेकंदांनी मेंदूत उठणारी एक लहर बोलताना लहान होते; स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये ती तितकी लहान होत नाही. हाच हिशेब विचारांनाही लागू असावा, असं संशोधक फाइनबर्ग यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि मेंदू-मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रिथ यांनी १९९२ मध्ये विस्ताराने. आपल्याकडच्या भाषेत, मध्यमेवरची (मनातल्या मनातल्या बोलण्यावरची) 'आपली' ही चिठ्ठी गळून पडते आणि ती परक्याची वैखरी (उघड उच्चारलेलं बोलणं) वाटते.

दोन पुरावे बोलके आहेत. स्वतःला गुदगुल्या करून फारसं हसू येत नाही, कारण तीच नक्कल. २००० सालच्या लंडनच्या प्रयोगात, आवाज ऐकू येणाऱ्या किंवा 'दुसरं कुणी मला चालवतंय' असं वाटणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच गुदगुल्या करणारा वाटला. आणि १९९३ च्या एका अभ्यासात भास चालू असताना ब्रोकाच्या भागात, म्हणजे ऐकण्याच्या नव्हे तर बोलण्याच्या जागी, रक्तप्रवाह वाढलेला दिसला.

पाटीपेन्सिल
मग जन्मतः बहिऱ्या व्यक्तींचं काय?

उंबरठा
कधीच काही ऐकलेलं नसेल तर बहुधा खुणा करणारे हात किंवा हलणारे ओठ जाणवतात. संदेश पोचतो, आवाज नसतो.

सावलीचं_झाड
वरच्या स्पष्टीकरणात एक भोक आहे. चिठ्ठी गळाली तर विचार बेवारशी होईल. तो सासऱ्यांच्या आवाजात का बोलतो? आणि आवाज ऐकणाऱ्याचं स्वतःचं मनातलं बोलणंही शाबूत असतं, तेवढंच कसं वाचतं? काही आवाज तर जुन्या मारहाणीच्या वेळचे शब्द जसेच्या तसे उगाळतात. ते आठवणीच्या वाटेने येत असावेत. एकच यंत्रणा सगळ्यांना पुरणार नाही. प्रश्नावलीत हे घालाच: 'आवाज चालू असताना तुमचा स्वतःचा विचार चालू राहतो का? मध्ये उत्तर देता येतं का?'

आवाज कुणाचा, यात समाजही डोकावतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅन मॅटिओ (अमेरिका), अक्रा (घाना) आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० जणांशी बोलले होते. अमेरिकेत आवाज जास्त हिंसक आणि अनोळखी. चेन्नईत पुष्कळदा घरातलीच माणसं, कामं सांगणारी, दटावणारी. 'कोण बोलतं' याखाली 'नातेवाईक', 'देव', 'बाहेरचं' हे पर्याय आधीपासून ठेवा, पण छापील वाचून दाखवू नका, नाहीतर तेच उत्तर येतं.

'मी'पणाची पडझड पाहायची असेल तर २००५ ची 'ईझ' (EASE) ही स्वतःविषयीच्या बदललेल्या अनुभवांची मुलाखत पाहा: ५ विभाग, ५७ मुद्दे. हो-नाहीवर भागत नाही, प्रत्येक मुद्द्याला त्यांच्याच तोंडचं उदाहरण लागतं. शिकल्याशिवाय वापरू नये.

कडुलिंब
एक राहिलं, आणि ते कुठल्याही प्रश्नावलीत पहिल्या पानावर हवं: 'आवाज काही करायला सांगतो का? ऐकलं नाही तर काय होईल असं वाटतं?' स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा हुकूम असेल तर मुलाखत बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जवळ असू द्या.

लोक विचारतातच, म्हणून उपाय: गुणगुणणं, मोठ्याने वाचणं, एका कानात बोळा. १९८७ मध्ये तोंड मोठं उघडून आवाज थांबतात का ते पाहिलं होतं. नंतरच्या चाचणीत गुणगुणणं सरस ठरलं. बाहेर असताना कानाला फोन लावून आवाजाला 'संध्याकाळी सात वाजता बोलू' असं सांगता येतं, बघणाऱ्यांना काही वावगं वाटत नाही. यातलं काहीच औषधाच्या बदल्यात नाही. औषधाने आवाज बरेचदा आधी दूर जातो, बोचेनासा होतो, नाहीसा नंतर. 'अजून येतोय' म्हणून गोळी सोडली जाते ती इथेच.

पाटीपेन्सिल
खूप आभार. दुसऱ्या प्रश्नाचं असं करते: 'तुमच्याकडून विचार करवले जातात का?' चालेल?

सावलीचं_झाड
'करवले जातात' कुणी बोलत नाही. शिवाय डोक्यात घातलेला विचार वेगळा आणि जबरीने करायला लावलेला वेगळा. आधी कडुलिंब यांचा प्रश्न, मग हा: 'कुणी तुम्हाला विचार करायला लावतं का?' आणि लगेच, 'म्हणजे कसं, सांगा.'