डिप्लोमाच्या पोरांना कॅल्सीवर समीकरणं सोडवू द्यावीत का?

तंत्रनिकेतनातला मास्तर (यवतमाळ जिल्हा)

आमच्या स्टाफरूममध्ये सध्या एकच विषय चालू आहे. वर्गात साधा सायंटिफिक, म्हणजे कॅसिओचा ८२ एमएस तेवढा चालेल, ९९१ आणायचा नाही, असा काही सहकाऱ्यांचा आग्रह आहे. कारण ९९१ मध्ये इक्वेशन मोड असतो. ९९१ चा ईएस प्लस प्रकार असेल तर मोड, मग ५, दोन अज्ञातांसाठी १, तिनांसाठी २. सहगुणक भरत जायचं, बरोबरचं बटण दाबायचं की उत्तर पुढ्यात. यानं पोरं आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं.

मला हे अजिबात पटत नाही. तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर प्रोग्रॅम न होणारा कॅल्क्युलेटर चालेल, अशी सूचना छापलेली असते. मग वर्गात बंदी कशासाठी? दुसरं म्हणजे, आमची पोरं समीकरण सोडवताना चुकत नाहीत, मांडताना चुकतात. एक साधं सर्किट घ्या. १२ व्होल्टची बॅटरी, पहिल्या लूपमध्ये, म्हणजे बंद वाटेत, ३ ओहमचा रोध, दोन्ही लूपमध्ये सामाईक ६ ओहम, दुसऱ्या लूपमध्ये आणखी ६ ओहम. दोन्ही प्रवाह घड्याळाच्या दिशेनं धरले, पहिला क्ष, दुसरा य, तर प्रत्येक लूपमधल्या व्होल्टचा हिशेब असा:

९क्ष − ६य = १२
−६क्ष + १२य = ०

उत्तर २ आणि १ अँपिअर. आता वरच्या ओळीतल्या सहाचं उणे चिन्ह पोरानं खाल्लं. कॅल्सी १ आणि ०.५ असं गुळगुळीत उत्तर देते. आकडे इतके छान की शंकाही येत नाही. हातानं सोडवलं असतं तरी हेच आलं असतं, आणि आपल्याच समीकरणात किमती घालून ताळा केला असता तर तोही जुळला असता! चूक पकडायची तर सर्किटकडे परत जावं लागतं. बॅटरी देते १२ गुणिले १, म्हणजे १२ वॅट. रोधांमध्ये (प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, सामाईक रोधात दोन प्रवाहांचा फरक) खर्च होतात ३, १.५ आणि १.५, म्हणजे सगळे मिळून ६. उरलेले ६ वॅट गेले कुठे? बरोबर उत्तरात बॅटरीचे २४, आणि रोधांचे १२, ६ आणि ६ मिळून २४.

हा वॅटचा ताळा शिकवायला मला तास पुरत नाही, कारण तीन लूपचं एक गणित हातानं सोडवण्यातच अर्धा तास जातो. म्हणून म्हणतो, सोडवायचं काम यंत्राला द्या, वेळ मांडणीला आणि ताळ्याला द्या.

दहावीच्या बाई (वाशिम)

सर, तुमच्याकडे येणारी मुलं आमच्याच हाताखालून जातात, म्हणून बोलते. दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. पण घरात मोठ्या भावाचा जुना ९९१ एमएस पडलेला असतो आणि गृहपाठ त्यावर होतो. वहीत नुसतं उत्तर, मधल्या पायऱ्या गायब.

मोठी अडचण पुढे आहे. २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १२ ही जोडी त्यात भरा. मग दुसऱ्या समीकरणात १२ ऐवजी १५ भरा. यंत्र दोन्ही वेळा मॅथ एरर एवढंच सांगतं. पहिल्या जोडीच्या रेषा एकमेकींवर बसतात, उकली असंख्य. दुसऱ्या जोडीच्या समांतर, उकल एकही नाही. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी, आणि मुलाच्या लेखी दोन्ही एकच: "बाई, कॅल्सी बिघडली." ज्यानं हातानं चलाचा लोप केला, त्याच्यासमोर ० = ० किंवा ० = ३ येतं आणि त्याला ते दिसतं. हे दिसणंच मला मुलांकडून हवं आहे. वेळ वाचवायच्या नावाखाली ते हातचं जाऊ देणार नाही.

वावरवाला

मास्तर, आमचं खताचं दुकान हाय अन् थोडं वावरबी हाय. तुमी बिजलीचं सांगून राह्यले, मी खताचं सांगतो. हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश अन् गंधकाचे टक्के. २०:२०:०:१३ चं ५० किलोचं चुंगडं म्हणजे १० किलो नत्र, १० किलो स्फुरद. १०:२६:२६ चं चुंगडं म्हणजे ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, पालाशबी १३. समजा पऱ्हाटीले, म्हणजे कपाशीले, २५ किलो नत्र अन् ४१ किलो स्फुरद द्याचं हाय. पहिल्याची चुंगडी क्ष, दुसऱ्याची य. १०क्ष + ५य = २५, १०क्ष + १३य = ४१. खालच्यातून वरचं वजा केलं की ८य = १६. दुसऱ्याची दोन चुंगडी, पहिल्याची दीड. याले कॅल्सी कायले पायजे?

आता आकडे बदलवा. नत्र २०, स्फुरद ६०. य येते ५ अन् क्ष येते उणे अर्धा. कॅल्सी उणे अर्धा दाखवून मोकळी होते. उणे अर्धं चुंगडं वावरात कसं टाकाव? त्याचा अर्थ असा का या दोन खतात हा हिशेब बसतच नाई. नुसतं १०:२६:२६ टाकून ६० किलो स्फुरद पुरं केलं तरी नत्र २३ किलोच्या वर जाते. मंग सुपर फॉस्फेट घ्याव लागते, त्यात स्फुरद १६ टक्के अन् नत्र काहीच नाई. हे कोणत्या बटणात हाय ते सांगा.

तंत्रनिकेतनातला मास्तर

दादा, हे कोणत्याच बटणात नाही, आणि मी तेच सांगतोय. उणे अर्ध्याचा अर्थ लावायला तुम्ही जेवढा वेळ दिला, तेवढा माझ्या वर्गात उरत नाही. आमच्याकडे तर उणे उत्तर आलं की पोरं घाबरून खोडतात. सर्किटमध्ये उणे आलं तर प्रवाह धरलेल्या दिशेच्या उलट आहे, एवढंच. तुमच्या वावरात उणे म्हणजे अशक्य, माझ्या सर्किटमध्ये उणे म्हणजे उलट. हा फरक समजावून सांगणं हेच खरं शिकवणं.

बाई, ईएस प्लसनंतर आलेल्या क्लासविझ ९९१ ईएक्समध्ये असंख्य उकली आणि उकल नाही यासाठी वेगवेगळे संदेश येतात. पण तुमचा मुद्दा दहावीपुरता मला मान्यच आहे. मी दहावीनंतरचं बोलतोय.

गेटची तयारी करणारा

दहावीनंतरचंच सांगतो. गेटला, म्हणजे इंजिनिअरिंगनंतरच्या प्रवेशपरीक्षेला, स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवर जो मिळतो त्यात साइन, कॉस, लॉग सगळं आहे, इक्वेशन मोड नाही. डिप्लोमाची तीन आणि इंजिनिअरिंगची तीन वर्षं ९९१ वर काढलेली मुलं तिथं दोन समीकरणांनाही अडखळतात.

शिवाय ईएस प्लस तीन अज्ञातांपर्यंतच जातो. चार लूप आले तर एक चल हातानंच काढावं लागतं, तेव्हा कुठे यंत्रात भरण्याजोगी तीन समीकरणं उरतात. हात आधी तयार पाहिजे, या बाबतीत मी बाईंच्या बाजूनं.

तंत्रनिकेतनातला मास्तर

गेट देणाऱ्यांनी सराव जरूर करावा. पण माझ्या वर्गातली बहुतेक पोरं नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात नाहीतर वीजवाहिनीच्या ठेकेदाराकडे जातात. तिथं त्यांना वॅट जुळतात की नाही हे कळलं पाहिजे. मूठभर पोरांच्या परीक्षेसाठी सगळ्यांचा तास हातानं चलाचा लोप करण्यात घालवणं मला अन्यायाचं वाटतं.

सेकंड इयर, इलेक्ट्रिकल

सर, अन्यायाचं निघालंच आहे तर आमचंही ऐका. वर्गात ९९१ सगळ्यांकडे नाही. आई कापूस वेचायला जाते, हजाराच्या वरचं यंत्र मागायचं म्हणजे तिची कितीतरी दिवसांची मजुरी. परीक्षेत शेजारच्याचा मागता येत नाही. शेजारची मुलगी तीन लूपचं गणित दोन मिनिटांत संपवते आणि मी ८२ एमएसवर पान भरत बसते. तुम्ही वर्गात ९९१ धरून शिकवलंत की आम्ही आणखी मागे.

पण ८२ वर दोन अज्ञातांचं चटकन होतं, ते कुणी शिकवत नाही. दहावीतली क्रेमरची पद्धतच आहे. तुमचंच सर्किट घेते. आधी छेद: ९×१२ − (−६)×(−६) = ७२. तो मेमरीत ठेवायचा: शिफ्ट, एसटीओ, ए. मग क्ष = (१२×१२ − (−६)×०) ÷ ए = २. य = (९×० − (−६)×१२) ÷ ए = १. उणे संख्या कंसात घ्यायची, म्हणजे चिन्ह सुटत नाही.

बाई, तुमच्या मॅथ एररचंही यात कळतं. छेद शून्य आला तर तो आधीच दिसतो. मग वरच्या दोन्ही संख्या काढायच्या. दोन्ही शून्य असतील तर उकली असंख्य, नसतील तर उकल नाही.

दहावीच्या बाई (वाशिम)

हे फार छान मांडलंस. यात यंत्र फक्त गुणाकार करतं, निश्चयक, म्हणजे तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, तू मांडतेस. अशा वापराला माझा कधीच विरोध नव्हता. माझा विरोध त्या मोडला आहे, आणि तो अजून आहे. सरांचा वॅटचा ताळा मात्र माझ्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना दाखवणार आहे.

वावरवाला

पोरी, तुही रीत माह्या चुंगड्याइवर करून पाह्यली. १०×१३ − ५×१० = ८०. (२५×१३ − ५×४१) ÷ ८० म्हणजे १२० ÷ ८०, दीड. बराबर. आता दुकानातल्या कॅल्सीवरबी जमते.

तंत्रनिकेतनातला मास्तर

पोरी, ९९१ धरून शिकवलं की ८२ वाले मागे पडतात हे तुझं म्हणणं खरं आहे, आणि बंदी घालणाऱ्यांपैकी कुणीही हे कारण दिलेलं नाही. त्यांनी हे कारण दिलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. इक्वेशन मोड शिकवावा यावर मी ठाम आहे. पण परीक्षेच्या काळात विभागानं काही ९९१ स्वतः विकत घेऊन, ज्यांच्याकडे नाही त्यांना सही घेऊन द्यावेत, असा अर्ज सोमवारी देतोय. तोवर तीन लूपसाठी असं कर: ज्या समीकरणात एखादा सहगुणक शून्य आहे तिथून एक चल काढून टाक. शिडीसारख्या सर्किटमध्ये पहिला आणि तिसरा लूप एकमेकांना लागून नसतात, म्हणून असं शून्य तिथं मिळतंच. उरलेल्या दोन समीकरणांवर तुझी रीत लाव. उद्याच्या प्रॅक्टिकलला ८२ घेऊन ये, फळ्यावर तूच करून दाखव.