मदत हवी आहे: मालवण ते वेंगुर्ला, कयाकने पहिल्यांदाच

नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि माझा मेहुणा दोन कयाक घेऊन मालवण ते वेंगुर्ला वल्हवत जायचं म्हणतोय. मध्ये निवतीला एक मुक्काम. सरळ रेषेत अंतर २५ ते ३० किलोमीटर, त्यामुळे कागदावर सोपं वाटतं. आमचा सराव मात्र सगळा पवना धरणातला. सलग तीन तास वल्हवतो, हाताचे फोड आता घट्टे झालेत, पण धरणाला ना भरती ना लाट.

दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, तो निदान पाठीशी राहावा म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघतोय. पहाटे निघून अकराच्या आत किनारा गाठायचा. तारीख अष्टमीच्या आसपासची, म्हणजे उधाण नको, भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तो काळ) असावा.

खरी भीती देवबागजवळच्या कर्ली खाडीच्या मुखाची. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं आणि समोरून लाट येते, तिथे फुटणारं पाणी मी काठावरून पाहिलंय. ते भरती संपता संपता ओलांडावं, की बरंच बाहेरून वळसा घालावा? आणि निवतीच्या खडकांपासून किती लांब राहायचं?

कयाक उलटली तर खोल पाण्यात परत चढायला धरणात जमतं, पण लाटांत कुठे शिकता येईल? तटरक्षक दलाचा १५५४ लिहून ठेवलाय. निघण्याआधी सागरी पोलिसांना कळवायचं, की बंदर कार्यालयातही जायचं?

मेहुण्याला पोहता येतं, पण लाइफ जॅकेट घालायला कुरकुर करतो. त्यावरही दोन शब्द लिहा, त्याला वाचून दाखवतो.