'डॉइन'ला मराठीत काय म्हणाल?

तिरफळ : आईबाबा महिनाभरासाठी आमच्याकडे नॉर्वेत, ट्रॉम्सोला आलेत. आईच्या गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलंय, 'एका डॉइनमध्ये जास्तीत जास्त चार'. मी 'दिवसाला जास्तीत जास्त ४' असा कागद फ्रिजला चिकटवला. आईने दिवसभरात चार घेतल्या आणि रात्री साडेअकराला पाचवी फोडायला बसली. "तू दिवसाला लिहिलंयस, आता रात्र आहे." बाबा म्हणाले, "कुठाय रात्र?" बाहेर लख्ख ऊन! मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत इथे सूर्य मावळतच नाही.
नॉर्वेजियनमध्ये दिवस म्हणजे 'दाग'. दिवस अधिक रात्र मिळून पुरे चोवीस तास म्हणजे 'डॉइन' (स्पेलिंगमध्ये ग आहे, उच्चारात नाही). बोलताना लोक दागवरही भागवतात, पण औषध, पार्किंग, भाड्याची गाडी आली की डॉइनच. मराठीत एका शब्दात काय म्हणायचं?

जुनी_वही : अहोरात्र! अहन् म्हणजे दिवस, अधिक रात्र. तयार शब्द घरात असताना शोधताय कुठे? ज्योतिषातला 'होरा'सुद्धा यातूनच आलाय, पुढचा 'अ' आणि मागचा 'त्र' गाळून.

नाखवा : ही व्युत्पत्ती वराहमिहिरानेही 'काहींच्या मते' म्हणून दिलीय. होरा ग्रीकातून आलाय, इंग्रजी अवरचा भाऊ. आणि अहोरात्र मराठीत उरलाय तो 'अहोरात्र कष्ट केले' एवढ्यापुरता. 'दोन अहोरात्रांत आठ गोळ्या' लिहिलंत तर पेशंट नाही, यजमान वाटेल.

मिरजेची_सिस्टर : 'चोवीस तासांत ४' लिहा की सरळ. आमच्या वॉर्डात लघवीचं मापसुद्धा सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ असंच धरतात. तिरफळताई, पाचवी घेतली नाही ना आईंनी?

तिरफळ : नाही, हिसकावून घेतली. :)

बर्गनकर : गंमत म्हणजे जुन्या नॉर्समध्ये डॉइनचा पूर्वज बारा तासांचा होता. नुसता दिवस किंवा नुसती रात्र. पुढे दुप्पट झाला. म्हणजे शब्दांना ताणता येतं, आपला 'दिवस'ही ताणू या.

जुनी_वही : दाग म्हणजे आपला 'दाह'च दिसतोय. तापतो तो दिवस!

नाखवा : असं म्हणणारे विद्वान आहेत, न मानणारेही आहेत. आज फक्त उच्चारावरून ठरवू नका.

बर्गनकर : डॉइनपेक्षा मला छळलं ते 'नात तिल लोरदाग'ने. शब्दशः 'शनिवारकडे जाणारी रात्र', म्हणजे आपली शुक्रवारची रात्र! पहिल्या वर्षी पाण्याची लाइन 'नात तिल लोरदाग' बंद राहील अशी चिठ्ठी दारावर आली. मी शनिवारी संध्याकाळी बादल्या भरायचं ठरवलं. शुक्रवारी रात्री नळ कोरडा, अंगाला साबण.

पेठकर : बरोबर आहे त्यांचं. आपल्याकडे सूर्योदयाला वार बदलतो, म्हणून रात्र आदल्या वाराच्या खात्यात. त्यांची रात्र उद्याच्या खात्यात. पण नॉर्वेजियनांकडून शिकायचं तर आकडे शिका. पूर्वी तेही बावीसला 'दोन आणि वीस' म्हणायचे. टेलिफोनवर आकडे उलटसुलट व्हायचे, म्हणून टेलिफोन खात्याने आग्रह धरला, संसदेने ठराव केला आणि १ जुलै १९५१पासून 'वीस-दोन'. आपल्याकडे २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस दोन' जोडीला दिलं तर केवढा गदारोळ!

जुनी_वही : होणारच. बावीस, बेचाळीस, बासष्ट हे मराठीचं वैभव आहे.

पेठकर : वैभव तुमचं, पाढे पोराचे. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर गणितज्ञ होत्या, उगाच नव्हतं सुचवलं.

नाखवा : तुलनाच चुकतेय. 'दोन आणि वीस'मधले दोन्ही तुकडे उघडे आहेत, फक्त क्रम उलटा. 'बावीस'मध्ये दोन कुठे दिसतो? आणि एकोणतीस म्हणताना तिसातून एक वजा करायचा. तो क्रमाचा नाही, जोडाचा प्रश्न आहे.

बर्गनकर : आणि ठराव करून भाषा बदलत नाही हो. माझे सासरे फोन नंबर नव्या पद्धतीने सांगतात, वय मात्र 'तीन आणि ऐंशी'. एकाच वाक्यात.

जुनी_वही : सावरकरांनी दिलेले महापौर, दिनांक रुळलेच ना? प्रयत्न हवा.

बर्गनकर : तसे सावरकर नॉर्वेतही होऊन गेले. क्नूद क्नुडसेनने १८८१मध्ये परके शब्द हटवून देशी शब्द सुचवणारं जाडजूड पुस्तक काढलं. त्याआधी ईवार ओसेन गावोगाव फिरून बोलीतले शब्द वेचत होता, त्यावर आजची नीनोश्क (नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एक) उभी आहे. दोघांनाही डेन्मार्कच्या चारशे वर्षांचं ओझं उतरवायचं होतं. एकाने शब्द घडवले, एकाने ऐकले. मला ऐकणारा जवळचा वाटतो.

पेठकर : म्हणजे 'चोवीस तास' ऐकू येतं, 'अहोरात्र' घडवावं लागतं.

जुनी_वही : घडवावं लागत नाही, आहे!! हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका वाचत जा कधी.

तिरफळ : मंडळी, नवा कागद लावला : 'चोवीस तासांत ४'. आई विचारतेय, कुठले चोवीस? सकाळच्या चहापासून की रात्री बारापासून?

मिरजेची_सिस्टर : कुठूनही मागे चोवीस तास मोजा, चारच्या वर जायला नको. दोन गोळ्यांत किती अंतर ठेवायचं तेही पाकिटावर असेल, बघा.

नाखवा : एकोणतीसवरून आठवलं, नव्व्याण्णवला 'एकोणशंभर' का नाही म्हणत आपण?