शब्दचर्चा: गेलेल्या माणसाची 'आठवण', 'खूण' की 'निशाणी'?

नमस्कार मंडळी. पुतणीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढायचेत आणि प्रत्येक फोटोखाली मराठीत एकेक ओळ लिहायचीय. वस्तू म्हणजे आजोबांचा मिलचा पितळी बिल्ला, त्यांच्या वह्या, आज्जीचं एक इरकल लुगडं आणि एक जुनं खरेदीखत. या सगळ्यांना मिळून चालेल असा एकच शब्द पाहिजे म्हणून पोरगी चार दिवस माझ्या डोक्यावर बसलीय.

डिक्शनरीत 'स्मृतिचिन्ह' सापडलं. मी म्हटलं, बाई, अर्थानं बरोबर आहे पण स्मृतिचिन्ह म्हटलं की सोलापुरात कुणालाही शाल, श्रीफळ आणि काचेचं ते जड काहीतरी दिसतं जे प्रमुख पाहुणे घरी नेऊन कुठं ठेवायचं या विचारात पडतात. आजोबांच्या बिल्ल्याखाली स्मृतिचिन्ह लिहिलं तर बघणाऱ्याला वाटेल मिलनं सत्कारबित्कार केला होता. 'स्मरणिका'चं तेच, ते संमेलनात वाटलेलं जाहिरातींचं पुस्तक झालंय. 'ठेव' तर बँकेतच गेली. 'ठेवा' राहिलाय पण त्याच्याआधी 'अमूल्य' किंवा 'सांस्कृतिक' लावल्याशिवाय तो कुणाच्या तोंडून बाहेर पडत नाही.

मग घरात आपण बोलतो काय? आपण सरळ म्हणतो, 'ही आईची आठवण आहे, मोडायची नाही.' म्हणजे गळ्यातली बोरमाळ हीच आठवण. डोक्यात असते ती पण आठवण आणि कपाटात असते ती पण आठवणच, शब्द एकच. पुतणीचं म्हणणं असं की यानं गोंधळ होतो. मला उलट वाटतं, इथं भाषेनं वस्तू आणि मन यात भिंतच घातलेली नाही आणि ते बरं आहे. 'आठवण म्हणून ठेवलीय' असं पण म्हणतात, पण 'म्हणून' आलं की वस्तू वेगळी आणि आठवण वेगळी होते, जरा पातळ होतं ते.

आता वह्यांबद्दल. आजोबांच्या वह्यांना घरात कुणी डायरी म्हणत नव्हतं. 'अण्णांची वही' एवढंच. त्यात हिशोब जास्त. दूध, रॉकेल, भिशी, कुणाला किती उसने. मधेच एका पानावर 'दादा गेले. पहाटे ४.' खाली लाकडं, पांढरं कापड, मडकं यांचे पैसे. त्याच्या खाली तेराव्याच्या किराण्याची यादी. आणि लगेच पुढच्या पानावर 'दुसरी पाळी'. थोरला भाऊ गेल्यावर माणसानं एवढंच लिहिलंय. रडलो, वाईट वाटलं असं काही नाही. पण अक्षर बघा, बाकी वहीभर टपोरं, या पानावर एकदम बारीक आणि ओळी खाली उतरत गेलेल्या. पुतणी म्हणते यात भावना कुठंयत, मी म्हणतो किराण्याची यादी मोठ्यानं वाच मग कळेल.

तर अशा वहीला रोजनिशी म्हणावं का दैनंदिनी का डायरी? आणि वस्तूंना काय? सांगा.

शेंगाचटणी
वहीला वहीच म्हणा की ओ दादा, कशाला उगं. दैनंदिनी म्हटलं की जिल्हा परिषदेची आठवते.

वस्तूंसाठी 'निशाणी' चालणार नाही का? फक्त त्याला थोडा पिक्चरचा वास येतो. प्रेमाची निशाणी वगैरे.

होटगी रोड
रोजनिशीबद्दल सांगतो. लई जणांना वाटतं यातली निशी म्हणजे रात्र, रोज रात्री बसून लिहायची म्हणून रोजनिशी. मला शाळेत एका सरांनी असंच सांगितलेलं. तसं नाहीये. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा, त्याचाच आपण नीस केला. फडणीस, चिटणीस, पारसनीस सगळे त्याच घरातले. रोजनिशी म्हणजे रोजचं लिहिणं, रात्रीचा काय संबंध नाही. आणि पेशव्यांच्या रोजनिशा बघितल्या तर त्यात मनातलं काही नसतं, कुणाला काय दिलं, कुठला हुकूम सुटला, कुणाला इनाम, असा सरकारी कारभार. म्हणजे 'रोजनिशी' या शब्दात सुरुवातीपासून हिशोब आणि नोंदच आहे. मनातलं गुपित लिहायची वही हा अर्थ नंतर इंग्रजी शिकलेल्यांच्या डायरीवरनं आला असणार. त्या हिशोबानं तुमच्या अण्णांची वही हीच अस्सल रोजनिशी आहे.

'वासरी' पण एक शब्द आहे बरं का. वासर म्हणजे दिवस, त्यावरून. पण आता वापरला तर लोक गोठ्यात शोधतील.

कन्ना चौक
आमच्या घरी तेलुगू. आमच्यात 'गुर्तु' म्हणतात. गुर्तु म्हणजे खूण पण आणि आठवण पण. आजी 'नाकु गुर्तुंदि' म्हणायची म्हणजे 'मला आठवतंय', शब्दाला शब्द लावला तर 'मला खूण आहे'. कापडावर कुठल्या मागाचं ते कळायला खूण करायचे त्याला पण तेच. तुम्ही म्हणालात मराठीत वस्तूला आठवण म्हणतात, आमच्यात आठवणीलाच खूण म्हणतात, उलटीकडून तिथंच आलो की.

आमच्या आजोबांचा हातमागाचा धोटा अजून देवघराच्या फळीवर आहे. माग कधीच विकला. त्याला काय नाव बीव नाही, 'ताताचा धोटा' बस.

अक्कलकोट नाका
कन्नडमध्ये 'गुरुतु' म्हणजे फक्त खूण, ओळख. आठवणीला 'नेनपु'. म्हणजे आमच्याकडं दोन कप्पे वेगळे आहेत.

आणखी एक. गेलेल्या माणसाच्या खुणेचा सगळ्यात जुना शब्द आपल्या भागात दगडावर आहे. वीरगळ. गावाबाहेर, मारुतीच्या देवळाजवळ उभे असतात ते दगड, खाली लढाई, मधे अप्सरा घेऊन चालल्यात आणि वर शिवलिंगाची पूजा. त्यातला 'गळ' माशाचा नाही, कन्नड 'कल्लु' म्हणजे दगड, वीरगल्लु. मराठीत येऊन वीरगळ झाला आणि आता शेंदूर फासून म्हसोबा झालाय. कुणाच्या तरी घरचा माणूस होता तो. नाव गेलं, दगड राहिला.

भाषांतरवाली
विषय थोडा बाजूला नेते पण राहवत नाही. हल्ली मराठीत 'आईच्या नुकसानातून सावरताना' असलं वाचायला मिळतं. नुकसान अवकाळीनं द्राक्षबागेचं होतं हो, आईचं कसं होईल? 'वडील गमावले' हे पण पेपरवाल्यांनी रूढ केलंय, ते एक वेळ चालवून घेऊ. आपल्याकडं माणूस 'जातो', आणि मागच्यांबद्दल बोलायचं तर 'पोरका झाला', 'घर सुनं झालं'. हरवणं आणि तोटा होणं या भाषेत आपण मरणाबद्दल बोलत नव्हतो. म्हणून वस्तूसाठी पण शब्द शोधताना इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नका, नाहीतर 'शोकवस्तू' असलं काहीतरी जन्माला येईल.

मला विचाराल तर 'खूण' घ्या. खुणेमध्ये पटणं आहे, खूण पटते. हनुमान लंकेत रामाची अंगठी घेऊन जातो आणि येताना सीतेचा चूडामणी आणतो. पण वाल्मीकींच्या सुंदरकांडात सीता नुसता मणी देत नाही, आधी चित्रकूटला कावळा मागं लागला होता ती गोष्ट सांगते, दोघांनाच माहीत असलेली. ती गोष्ट पण खूणच. म्हणजे वस्तू मुकी असेल तर खूण अर्धी. अण्णांच्या बिल्ल्याबरोबर त्याची गोष्ट पण लिहा असं तुमच्या पुतणीला सांगा, एका ओळीत भागणार नाही.

शेंगाचटणी
ताई, सीता आणि राम तर दोघं जिवंत होते. गेलेल्या माणसाची खूण पटवायला समोर कोणंय?

भाषांतरवाली
मागं राहिलेली माणसं एकमेकांची पटवतात की. भावंडं जमली की तेच करतात, 'तुला आठवतंय का' म्हणत.

भैय्या चौक
डॉ. कोटणीसांचं नाव अजून कसं आलं नाही? आपल्या सोलापूरचे, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय ३२. त्याच वर्षी त्यांना मुलगा झालेला, नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मला ही आठवण ठेवायची तऱ्हा जास्त आपली वाटते. आपल्याकडं पण आजोबांचं नाव नातवाला ठेवतात आणि मग घरातल्या सुना सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून पोराला अप्पा नाहीतर अण्णा करून टाकतात. कपाटात काही ठेवायची गरजच नाही, हाक मारली की झालं.

शहरात त्यांचं आहे ते 'स्मारक'. स्मारक गावाचं, आठवण घराची. चार हुतात्म्यांचे पुतळे पण स्मारकच. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले, धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन. पण त्यांच्या घरातल्यांनी एखादी टोपी नाहीतर पत्र जपलं असेल तर त्याला ते घरात स्मारक नक्कीच म्हणत नसतील.

होटगी रोड
कॅलेंडर विसरला सगळे. आमच्या आईनं जन्मात डायरी लिहिली नाही, पण कालनिर्णयच्या चौकोनात सगळं. गॅस लावला, दूध नाही, मावशी आली. बाबा गेले त्या चौकोनात तिनं काहीच लिहिलं नाही, नुसता गोल केलाय. आम्ही ते पान काढून ठेवलंय. त्याला रोजनिशी म्हणायला माझी काही हरकत नाही.

(धागा काढणारा)
सगळ्यांचे आभार. थोडं वादावादीचं उत्तर देतो.

'निशाणी'ला पिक्चरचा वास येतो हे शेंगाचटणीचं बरोबर, पण एका वस्तूला तोच शब्द लावणार आहे. खरेदीखत. त्यात आज्जीच्या नावापुढं लिहिलंय 'निशाणी डावा अंगठा' आणि निळसर काळा ठसा. आज्जीला लिहिता येत नव्हतं. आजोबांच्या वह्या ट्रंकभर आणि तिच्या हातचं कागदावर एवढंच. बाकी ती कागदात नाहीच, वहीत पण तिचं नाव नाही, 'घरी दिले' असं आहे, घरी म्हणजे ती. तर तिथं निशाणी हा शब्द कायद्यानंच देऊन ठेवलाय, बदलायचा प्रश्न येत नाही.

बाकी एकच शब्द सगळ्यांना लावायचा हट्ट पुतणीनं सोडलाय, कालच समजूत पटली. बिल्ल्याला 'खूण', कारण त्यावर नंबर आहे आणि गेटवर त्याच नंबरावर माणूस ओळखायचे. वहीला 'रोजनिशी' म्हणू, आणि कंसात नाही तर खालच्या ओळीत 'अण्णांची वही' असं पण येईल. लुगड्याला 'आज्जीची आठवण'. मूळ सहा लुगडी होती, बाकीच्यांच्या वाकळा शिवल्या आणि त्या पोरांनी पांघरून पांघरून फाडल्या. मला तर वाटतं ती पाच लुगडी जास्त कामाला आली, पण फोटो काढायला हे एकच राहिलंय.

कन्ना चौक, धोट्याचा फोटो द्याल का? पुतणी विचारतीय, 'ताताचा धोटा' असंच लिहीन म्हणते, तेलुगू शब्द तसाच ठेवून.

आणि एक काम. पहिल्या दोन वह्यांत मधली काही पानं मोडीत आहेत. आजोबा ज्यांच्याकडं आधी दिवाणजी होते तिथली सवय असावी. सोलापुरात मोडी वाचणारं कुणी माहिती असेल तर कळवा, पानं स्कॅन करून तयार आहेत.

कन्ना चौक
फोटो उद्या पाठवतो, आज फळीवर सामान लई आहे. आणि लुगड्याखाली 'साडी' लिहू देऊ नका तेवढं, पदराचा लाल भाग नीट दिसेल असा घडी मोडून फोटो काढायला सांगा.