यूके: घराच्या भिंतीवर झेंडा रंगवलाय, पोलिसात जावं का? मदत हवी आहे

मंडळी, इंग्लंडच्या कायद्याची माहिती असणाऱ्यांनी प्लीज सांगा. आम्ही बर्मिंगहॅमपासून तासाभरावर भाड्याने राहतो. २०२५ च्या ऑगस्टात तिकडे वीओली कासल, नॉर्थफील्डला दिव्याच्या खांबांवर झेंडे लावायचं सुरू झालं ते सगळीकडे पसरलं, सेंट जॉर्जचा क्रॉस (पांढऱ्यावर लाल क्रॉस, इंग्लंडचा झेंडा), युनियन जॅक, राउंडअबाउटवरसुद्धा लाल पट्टे. आमच्या रस्त्यावर पण आहेत, त्याचं मला काही वाटत नाही, फुटबॉल असलं की एरवीही असतातच.

पण गेल्या आठवड्यात रात्री कोणीतरी आमच्या पुढच्या बुटक्या भिंतीवर स्प्रेने पांढरा चौकोन आणि त्यावर लाल क्रॉस काढून ठेवला, ओघळ पार कोथिंबिरीच्या कुंडीत. अख्ख्या ओळीत फक्त आमची आणि पलीकडच्या पंजाबी काकूंची भिंत, बाकी सगळ्या कोऱ्या! सकाळी मुलाला शाळेत सोडायला निघाले तर सायकलवरची दोन पोरं "गो होम" ओरडत गेली, रंगवणारी तीच का ते मी नाही सांगू शकत. शेजारीण म्हणते देशाचाच झेंडा आहे, पोलीस काय करणार. घरमालक म्हणतो पुसून टाका. आणि आमचे हे हट्टाला पेटलेत, म्हणतात मी पण खिडकीत तिरंगा लावतो, बघू कोण काय म्हणतं. यात वर्णद्वेषाचा गुन्हा बसतो का? आणि तिरंग्यामुळे आम्हीच अडकणार नाही ना?

प्रतिसाद १
पुसू नका अजून!! आधी फोटो काढा, काकूंच्या भिंतीचेही. खांबावरचा झेंडा आणि तुमच्या भिंतीवरचा रंग या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता रंग मारला की क्रिमिनल डॅमेज, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा, १९७१ चा कायदा, मग झेंडा काढा नाहीतर गणपती. पुढचा प्रश्न वर्णद्वेषाचा. १९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर अ‍ॅक्टमध्ये दोन रस्ते आहेत, एकतर गुन्हा करताना किंवा लगेच आधी-नंतर तुमच्या वंशावरून, राष्ट्रीयत्वावरून द्वेष दाखवला पाहिजे, नाहीतर गुन्ह्यामागचा हेतू निदान काही अंशी तरी तो असला पाहिजे. ते सिद्ध झालं तर कमाल शिक्षा १० ची १४ वर्षं होते, अर्थात भिंतीसाठी कोणी १४ वर्षं आत जात नाही. भाडेकरू असलात तरी ताबा तुमचा आहे, त्यामुळे "माझं घर नाही" म्हणून गप्प बसू नका.

ओरडणं सकाळचं आणि रंग रात्रीचा, त्यामुळे "लगेच" मध्ये बसवणं कठीण. पण पोरं तीच निघाली तर हेतू दाखवायला ते वाक्य फार कामाचं. आणि नुसतं "गो होम" म्हटलं, कोणत्या देशाचं नाव घेतलं नाही, म्हणून सुटतात असंही नाही. २००७ च्या रॉजर्स खटल्यात मोबिलिटी स्कूटरवरचा माणूस तीन स्पॅनिश बायकांना "ब्लडी फॉरेनर्स" म्हणाला होता, हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की परदेशी म्हणून हिणवलं तेवढं पुरे.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, फक्त एक भर. नुसता झेंडा लावला म्हणून कोणाला पकडा असं तक्रारीत लिहू नका, केस तिथेच ढिली पडेल. अभिव्यक्तीच्या बाबतीत इथली कोर्टं बऱ्यापैकी जागरूक आहेत. एक बाई अमेरिकन लष्करी तळाच्या दारात अमेरिकेच्या झेंड्यावर घोषणा लिहून त्यावर उभी राहिली होती, तिची शिक्षा हायकोर्टाने २००१ मध्ये रद्द केली (पर्सी खटला). उलट नॉरवूड नावाच्या माणसाने स्वतःच्या खिडकीत जळणारे ट्विन टॉवर्स आणि इस्लामला ब्रिटनमधून हाकला अशा अर्थाचं पोस्टर लावलं, तो मात्र दोषी ठरला आणि २००४ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टानेही त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणजे सगळा भर झेंड्यासोबत काय लिहिलंय आणि कोणाला उद्देशून यावर.

तिरंग्याचं म्हणाल तर कोणत्याही देशाचा राष्ट्रध्वज लावायला इथे प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, जागामालकाची मात्र लागते. त्यामुळे भाडेकरार काढून बघा. माझं विचाराल तर १५ ऑगस्टला हौसेने लावा, आत्ता चिडून लावू नका. तपास चालू असताना उगाच दोन्ही बाजूंनी झेंड्याची मारामारी दिसते.

धागाकर्ती
खूप धन्यवाद दोघांना. ह्यांना वाचून दाखवलं, "हं" म्हणाले, म्हणजे पटलंय. काकू तक्रारीला घाबरतायत, त्यांना नको असेल तर मी एकटीने केली तरी चालेल ना? कोपऱ्यावरच्या दुकानाला कॅमेरा आहे.

प्रतिसाद १
हो चालेल. १०१ वर (पोलिसांचा तातडीचं नसलेल्या तक्रारींचा नंबर) किंवा ऑनलाइन करा, "हेट क्राइम म्हणून नोंदवा" असं स्पष्ट सांगा, तुम्हाला तसं वाटलं एवढ्यावर ते तशी नोंद करतात. क्राइम रेफरन्स नंबर घ्या, घरमालकाला इन्शुरन्ससाठी तोच लागेल. दुकानात मात्र आजच जा, फुटेजवर नवीन रेकॉर्डिंग चढतं.