वन टन निसानचे ब्रेक पार्ट कुठी भेटतीन?

दारव्हेकर: राजेहो, वडिलांनी मिल्ट्रीच्या लिलावातून जबलपूर फॅक्टरीची वन टन निसान (मिल्ट्रीचा छोटा ट्रक) घेतली होती, तिले पुन्हा रोडवर आणाचं लय मनात हाय. इंजन चांगलं चालते पण मागचे व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबानं चाकाचा ब्रेक दाबणारे) गळतात, डाव्या ड्रममधली लायनिंग (ब्रेकची घासणारी पट्टी) ब्रेक ऑइलनं पार भिजली, दुकानात विचारलं तं पार्ट नाही म्हणतात. काय करावं?

वाडीचा मिस्त्री: भाऊ, ओरिजिनलच पाहिजे म्हणून अडून बसू नका. सिलिंडर खोलून बोअर (आतल्या भोकाचा व्यास) व्हर्नियरनं मोजा, त्याच मापाचे रबर कप (ऑइल अडवणारे सील) दुसऱ्या गाडीचेही बसू शकतात. आत गंजाचे खड्डे असतीन तं लेथवर स्लीव्ह (आतून नवी नळी) टाका. भिजलेली लायनिंग घासून वापरूच नका, दोन्ही चाकाची संगच नवी रिव्हेट करा, नाहीतं ब्रेक मारला का गाडी एकीकडं ओढते.

तुमसरवाला: जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ फुफ्फुसाले घातक, ड्रम हवेनं फुकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आन् रबराले डिझेल लावू नका, फुगते.

दारव्हेकर: खोलून पाह्यलं, डाव्या सिलिंडरमध्ये खड्डे हायेत. यवतमाळले लेथवाल्याकडं नेतो.